अळीवर काय देता?

रिसोडच्या गोजराई कृषी केंद्रात गिऱ्हाईक कधी रिकाम्या हातानं येत नाही. श्रावण-भादव्यात तर नाहीच नाही. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते, तोंडाला गाठ मारलेली. आत सोयाबीनचं नाहीतर तुरीचं पान, आणि पानावर आरोपी. गिऱ्हाईक पिशवी काउंटरवर ठेवतं, दुपट्ट्यानं तोंड पुसतं आणि विचारतं, "भाऊ, याच्यावर काय देता?" मग इंद्रभानभाऊ कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, पिशवी उजेडाकडे धरतात, तोंडातल्या तोंडात 'हं' करतात आणि मागच्या फळीवरची बाटली मान न वळवता काढून देतात. भाऊंच्या हाताला गुण आहे, असं तालुक्यात म्हणतात. डॉक्टरच्या हाताला गुण असतो तो पेशंट वाचतो म्हणून. भाऊंच्या हाताला तो पेशंट मरतो म्हणून. पण गुण तो गुण, आणि भाऊंना त्याचा अभिमान होता.

त्या अभिमानाला पहिला ओरखडा काढला त्यांच्याच लेकीनं. निकिता अकोल्याला शिकायला. सुट्टीत घरी आली आणि सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेली. गच्चीवर तिच्या आईचं, वर्षाराणीबाईंचं गोडलिंबाचं म्हणजे कढीपत्त्याचं झाड होतं, तेलाचा पिपा कापून त्यात लावलेलं. घरातल्या प्रत्येक फोडणीचा जीव त्या झाडात. त्या झाडाच्या पानावर तीन अळ्या बसलेल्या निकिताला दिसल्या आणि तिनं बापाला हाक मारली.

"बाबा, हिचं कोणतं फुलपाखरू होते हो?"

भाऊंनी चष्मा नाकावर आणला, 'हं' केलं. गोडलिंबावरची अळी. लहानपणी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, पान खाते, देठ तेवढा ठेवते. पहिली फवारणी अळी दिसताच, दुसरी गरजेनुसार. एवढं सगळं त्यांच्या ओठांवर आलं, पण त्यात पोरीच्या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं.

"मरते," ते म्हणाले.

"मरते म्हणजे?"

"म्हणजे औषध मारलं का मरते."

"आन नाही मारलं तर?"

आता आली का पंचाईत! इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न भाऊंना कुणीही विचारला नव्हता. अळीचं फुलपाखरू होतं हे त्यांना ठाऊक होतं, नाही असं नाही. चौथीच्या पुस्तकात गोल बाण काढलेलं चित्र होतं, आणि त्याला त्यांनी रंगही दिला होता. पण ती पुस्तकातली अळी. दुकानात येणारी अळी वेगळी, तिचा बाण एकाच बाजूला जातो. निकिता हसली आणि म्हणाली, "तुम्ही एवढे अळीचे डॉक्टर, आन तुम्हालेच माहीत नाही?" आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं अकोल्याला निघून गेली. पोरी असंच करतात. घरात काडी टाकून देतात आणि आपण बसमध्ये खिडकीची जागा धरतात.

भाऊंना तो प्रश्न जेवताना टोचे, दुकानाचं शटर उघडताना टोचे. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, पाहूच बाप्पा. एकदा औषध न मारता पाहू, होऊन होऊन काय होईल?

पहिली अडचण स्वयंपाकघरातून आली.

"अहो, कढीले फोडणी द्याची आहे. दोन पानं तोडून आना बरं."

"त्या फांदीवर ते जेवून राह्यली."

"कोन?"

"अळी."

वर्षाराणीबाई झारा घेऊनच गच्चीवर आल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "साऱ्या तालुक्याच्या अळ्या मारता, आन घरची पोसता? आन आपन काय बिनफोडनीचं खावं?"

"चार दिवसाचा प्रश्न आहे," भाऊ म्हणाले. चार हा आकडा त्यांनी असाच ठोकून दिला होता.

पण त्या चार दिवसांत त्यांनी जे पाहिलं, त्यानं माणूस येडा झाला. एका सकाळी त्यांनी एका अळीला हलकेच बोट लावलं. ते नेहमीचं बोट, ज्या बोटानं त्यांनी हजारो अळ्या उलट्यापालट्या केल्या होत्या. अळीनं मान मागे टाकली आणि डोक्यातून चक्क दोन लालभडक शिंगं बाहेर काढली! वर असा उग्र वास सोडला, की भाऊ दचकून मागे सरले आणि पाण्याच्या बादलीत पाय घालून बसले. ज्याच्या नावानं अळ्या थरथर कापतात असा माणूस एका करंगळीएवढ्या अळीला भिऊन बादलीत बसला आहे, हे सुदैवानं कुणी पाहिलं नाही. फक्त शेजारच्या गच्चीवरून पंजाबरावांनी पाहिलं.

पुढं एका दुपारी ती चिमणीच्या विष्ठेसारखी अळी पाठीवर उकलली आणि आतून दुसरी, हिरवीगार, नवीकोरी अळी निघाली. निघाली ती निघाली, आणि निघाल्याबरोबर आपली जुनी कातडी खाऊन बसली. भाऊंनी बायकोला ओरडून बोलावलं. "वर्षा! हे पाह्य, हे पाह्य, आपलाच सदरा खाऊन राह्यली!"

"तुमचे सदरे बी कोनी असे संपवले असते तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. कणकेचे हात तसेच धरून अळी कातडी संपवेस्तोवर तिथंच उभ्या राहिल्या.

दुकानात गोष्ट लपून राहते थोडीच? भाऊंनीच ती फोडली. गिऱ्हाइकानं पिशवी पुढं केली, की औषध द्यायच्या आधी हे सांगायचे, "तुले माहीत आहे का, हे आपली कातडी खाते!" गिऱ्हाईक बिचारं सोयाबीनच्या काळजीनं आलेलं. ते म्हणायचं, "कातडी खाऊ द्या भाऊ, माह्यं पीक नका खाऊ द्या." रिसोडभर झालं, इंद्रभानभाऊनं अळी पोसली.

पंजाबराव तहसीलमधून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. आता तिथली आवक-जावक बंद झाली होती, म्हणून ते सल्ल्याची आवक-जावक चालवत. आवक शून्य, जावक भरपूर. ते खास दुकानात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "इंद्रभान, धंद्यात भावना आनू नये. उद्या खाटकानं बोकडाचा वाढदिवस केला, तर दुकान चालन का त्याचं?"

"वाढदिवस नाही हो. फक्त पाहून राह्यलो, काय होते ते."

"काय होते? फुलपाखरू होते. झालं? सांगतलं मी. मार आता औषध."

"तुमी पाह्यलं का होताना?"

पंजाबरावांनी खोकून घेतलं. "सारंच पाहा लागते का?" ते म्हणाले. तहसीलमध्ये त्यांची सारी हयात याच एका तत्त्वावर गेली होती.

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण पानं संपली. तीन अळ्यांनी झाड असं साफ केलं, की पिप्यात नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. भाऊंनी घाईघाईनं भाजीबाजार गाठला. तिथं पुंजाजी बसला होता. गावालगत त्याचा मळा, त्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि कडेनं गोडलिंबाची रांग. माणूस मेहनती, आणि भाऊंचा जुना गिऱ्हाईक. त्याचा गोडलिंब म्हणजे पाहत राहावा! हिरवाकंच, चकचकीत, एका पानाला छिद्र नाही. भाऊंना कौतुक वाटलं. आपल्या गिऱ्हाइकाचा माल आहे, म्हणून छाती थोडी फुगलीसुद्धा. जुडी घरी आणून त्यांनी नळाखाली धुतली आणि अळ्यांना वाढली.

एका पानाला छिद्र नाही, याचा अर्थ ज्याला साऱ्या तालुक्यात आधी कळायला पाहिजे, त्यालाच तो कळला नाही.

दोन अळ्यांनी ती पानं खाल्ली. दिवस मावळायच्या आत त्या दोघी फांदीवरून उलट्या लोंबत होत्या, डोकं खाली, अंग वाकडं, तोंडातून हिरवं पाणी. भाऊंना चष्मा नाकावर आणावा लागला नाही. हे वाकणं त्यांच्या ओळखीचं होतं. कोणत्या बाटलीचं, तेसुद्धा त्यांना कळलं. गिऱ्हाइकाला ते स्वतःच सांगत, अळी अशी लोंबली का समजाचं, लागू पडलं. वर्षानुवर्षं तोंडात बसलेला तो शब्द जिभेवर आला आणि त्यांनी तो गिळला. त्यांना वाईट वाटलं. अळी मेली म्हणून आपल्याला वाईट वाटतंय, याची लाजही वाटली. पण वाटलं, त्याला काय करता? वर्षाराणीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आज कढीला काय घालू, असं त्यांनी विचारलं नाही.

तिसरी अळी वाचली ती कातडी बदलायच्या बेतात होती म्हणून. त्या वेळी अळी काही खात नाही. निव्वळ उपासानं तिचा जीव वाचला. पण कातडी बदलली, की तिला भूक लागणार आणि ती पान मागणार. आणि पान असं पाहिजे, ज्यावर औषध नाही. आता एवढं एकच काम इंद्रभानभाऊंच्या डोळ्यांपुढं उरलं. ही एक जगली पाहिजे.

त्यात काय एवढं, असं आपल्याला वाटेल. भाऊंच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, घरटी गोडलिंब आहे. पण यातही एक मेख होती, आणि ती भाऊंनीच मारून ठेवली होती. लोक दिवाळीला शेजारीपाजारी सोनपापडीचा डबा देतात. भाऊ व्यवहारी माणूस. ते दरवर्षी प्रत्येक घरी औषधाची एक छोटी बाटली द्यायचे, वर लाल रिबीन बांधून, "घरच्या झाडाझुडपाले मारा" म्हणून.

ते पहिल्या घरी गेले. "वहिनी, दोन फांद्या गोडलिंबाच्या पाहिजे होत्या."

"न्या नं भाऊजी! कालच फवारला, तुमच्याच औषधानं. एक किडा दिसला तर नाव बदला!"

दुसऱ्या घरी म्हणाले, "भाऊ, तुमची बाटली म्हणजे अमृत!" तिसऱ्या घरच्या म्हातारबुवांनी त्यांना हात धरून झाडाजवळ नेलं आणि वासच घ्यायला लावला. जिकडं जावं तिकडं कौतुक. आयुष्यात भाऊंची एवढी स्तुती एका दिवसात कधी झाली नव्हती, आणि एकेका स्तुतीगणिक त्यांचा चेहरा उतरत चालला होता. एखाद्या घरी तरी नालायक, आळशी, उपकाराची जाण नसलेला माणूस भेटावा, अशी ते मनातल्या मनात देवाला विनवणी करू लागले.

शेवटचं घर पंजाबरावांचं. ते फाटकातच आडवे उभे राहिले.

"आमच्या झाडाले? इंद्रभान, तू दिलेलं औषध अन् मी मारनार नाही? दर अमावस्येले मारतो. एक अळी दाखव, मिशी उतरवतो."

झालं. भाऊ घरी येऊन पायरीवर बसले. अळी नवी कातडी घालून तयार होती आणि पिप्यातल्या काड्यांवरून वर-खाली फिरत होती.

"पंजाबरावबी मारतात म्हने," ते म्हणाले.

वर्षाराणीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "कायचं मारतात! अहो, ते बाटली त्याहीनं कधी उघडलीच नाही. दरवर्षीची बाटली रिबिनीसकट मालेगावले जाते, त्याहीच्या साळ्याले भाऊबिजेची भेट. त्याहीच्या बायकोनं, नानीबाईनंच मले सांगतलं, कोनाले सांगू नको म्हनून."

भाऊ चपला न घालताच पळाले. फाटकात पंजाबराव होतेच, पण या वेळी भाऊ त्यांच्या बगलेखालून आत शिरले आणि मागच्या अंगणात गेले. तिथं गोडलिंबाचं झाड होतं. काय झाड होतं! पानापानाला छिद्रं, कडा कुरतडलेल्या, शेंड्यावर मावा, खाली मुंग्यांची रांग. औषधाचा थेंब ज्याला जन्मात लागला नाही, असं रिसोडातलं ते एकमेव झाड असावं. पंजाबराव मागून आले. त्यांचा चेहरा टमाट्यासारखा लाल झाला होता. औषधवाल्यानं आपली अळी पाहिली, याहून मोठी नामुष्की कोणती?

"ते काय आहे, इंद्रभान, या अमावस्येले जरा राह्यलं..."

भाऊंनी त्यांना कडकडून मिठी मारली. "पंजाबराव, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही!" त्यांचे डोळे भरून आले होते. पंजाबरावांना काही कळेना. मोठा बाबू म्हणून इतकी वर्षं काम करून त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं ते न केलेल्या कामाबद्दल. थोडा वेळ गोंधळून त्यांनी ते उपकार स्वीकारले. "ने, लागन तेवढा ने," ते म्हणाले. "म्या मुद्दामच ठेवलं होतं, म्हटलं कोनाले तरी लागन."

अळी जेवू लागली. काय जेवली! कानाजवळ धरलं तर पान कुरतडल्याचा बारीक आवाज येतो, हे भाऊंना तेव्हा कळलं, आणि पुढचे दिवस ते दिसेल त्याच्या कानाजवळ फांदी धरत सुटले. पण फांद्यांसकट तिला घरात ठेवली होती, तिथं एका पालीनं खिडकीवर मुक्काम ठोकला, तेव्हा वर्षाराणीबाई म्हणाल्या, "इथं तिचं खरं नाही. तुमच्यासंगच न्या." म्हणून बुटाच्या खोक्यात फांद्या भरून अळी दुकानात आली. आत औषधांचा वास, तो तिला लागू नये म्हणून भाऊंनी खोकं बाहेर, दारालगतच्या बाकावर ठेवलं. बाकाच्या वर एका जुन्या औषधाचं पोस्टर लटकत होतं. त्यावर माणसाएवढी अळी, तिच्यावर लाल फुली, आणि खाली लिहिलं होतं, 'अळीचा कर्दनकाळ'. त्या पोस्टरखाली बसून ही आपली मजेत जेवत होती.

आणि एके सकाळी भाऊंनी खोक्यात पाहिलं, तर अळी नाही!

दुकान तेव्हा गिऱ्हाइकांनी भरलेलं. सगळ्यांच्या हातात पिशव्या. भाऊ बाकाजवळून जवळजवळ उडी मारूनच दारात आले आणि ओरडले, "कोनी पाय उचलू नका! अळी हरवली!"

ज्यांचा पाय जमिनीवर होता ते तसेच थिजले. ज्यांचा हवेत होता त्यांनी तो हवेतच ठेवला. मग हळूहळू शोध सुरू झाला. जी माणसं उभ्या हयातीत अळी मारायलाच शोधत आली, ती आता श्वास रोखून, बोटांच्या टोकांवर, पोतं उचलायच्या आधी त्याखाली वाकून बघत होती. पुंजाजी तर गुडघ्यावर बसून बाकाखाली शिरला. "भाऊ, हिरवी आहे का?" "हिरवी." "शिंगं दाखवते का?" "दुखवलं तरच. दुखवू नको बाप्पा!"

नेमके त्याच वेळी तपासणीचे साहेब आले. कृषी केंद्रांची तपासणी करतात ते, परवाना, साठा, मुदत संपलेला माल, सगळं. दारात त्यांनी पाहिलं, तर निम्मे शेतकरी एका पायावर उभे, निम्मे रांगताहेत आणि मालक बॅटरी घेऊन रद्दीत तोंड घालून बसलेला.

"काय चाललंय हे?"

"साहेब, पाय जपून," पुंजाजी बाकाखालून म्हणाला.

साहेब जपून उभे राहिले आणि त्यांची नजर सवयीनं भिंतीवर गेली. "हे पोस्टर अजून कसं काय? हे उत्पादन बंद झालंय. ताबडतोब उतरवा." त्यांनी पोस्टरच्या दोरीला हात घातला आणि तो तसाच थांबला. "ही काय?"

पोस्टर ज्या सुतळीनं खिळ्याला टांगलं होतं, त्या सुतळीवर अळी बसली होती. बसली म्हणजे, शेपटीनं चिकटली होती, आणि कमरेभोवती एक बारीक धागा गुंडाळून मागे रेलली होती. खांबावर चढलेला वायरमन पट्ट्यावर रेलतो, अगदी तशी. ती हलत नव्हती. लोक जमले. बघता बघता सगळ्यांच्या देखत तिची कातडी खाली सरकली आणि आत अळी राहिलीच नव्हती. पाय गेले, तोंड गेलं, ते कुरतडणं गेलं. उरली एक हिरवी, दोन टोकांची गाठोडी. मागे कुणीतरी, "अरे बाप रे," असं अगदी हळू म्हणालं.

"साहेब," भाऊ हात जोडून म्हणाले, "पोस्टर काढलं तर ते पडन. जरासी मुदत द्या."

"मुदत अशी तोंडी देता येत नाही. अर्ज करा."

भाऊंनी तिथंच अर्ज लिहिला. विषय: कोष फुटेपर्यंत पोस्टर राहू देण्याबाबत. पंजाबराव आलेच होते, त्यांनी 'महोदय' आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' घातलं. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "किती दिवस ते लिहिलं नाही. कोष कधी फुटतो?"

सबंध दुकानभर अळीचा इतिहास भरला होता, प्रत्येक बाटलीवर तिचं नाव होतं, पण हे कुणालाच माहीत नव्हतं. साहेब स्वतः कृषी पदवीधर. ते म्हणाले, "पुस्तकात होतं हो... परीक्षेला आलं होतं..." मग त्यांनी अर्ज घडी करून फायलीत घातला. "मी पुन्हा येतो. तोवर ते पोस्टर मला दिसलेलं नाही." आणि जाता जाता त्यांनी मागे वळून त्याच न दिसलेल्या पोस्टरकडं दोनदा पाहिलं.

वाट पाहणं सुरू झालं. वाट पाहण्यात पाहण्यासारखं काही नसतं, म्हणून लोक मतं देतात. "मेली असन," पंजाबराव रोज येऊन सांगायचे. "आता काय ते विसर्जन करून टाक." वर्षाराणीबाई, ज्या कधी दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या, त्या आता रोज स्वतः डबा घेऊन यायच्या. डबा काउंटरवर ठेवायच्या, सुतळीपाशी जायच्या, म्हणायच्या, "हालली का?" आणि परत जायच्या. डब्यात कढी असे, बिनगोडलिंबाची. भाऊ मुकाट खात. कधी कधी त्यांना वाटे, पंजाबरावांचं खरं असेल. आपण कुणाला जगवायचं म्हणतो, पण आपल्या हाताला गुण दुसराच आहे. असं वाटलं की ते अर्धाच डबा झाकून ठेवत.

मग एक सकाळ आली. भाऊ शटर उघडायला आले, तर गाठोडी काळी पडली होती. जवळ जाऊन पाहिलं, तर ती काळी पडली नव्हती, पारदर्शक झाली होती. आत काळं काही घडी घालून ठेवलेलं, आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. भाऊंनी घरी फोन लावला आणि फक्त "ये," एवढंच म्हणाले.

वर्षाराणीबाई आल्या. गिऱ्हाईकं आली, पुंजाजी पिशवी घेऊन आला, पंजाबराव आले, आणि योगायोग म्हणा की काही म्हणा, साहेबही आले. कुणी कुणाला राम राम केला नाही. गाठोडी वरून उकलली. आधी दोन मिशा, मग पाय, मग एक ओलं, मळकं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि सुतळीवरून चालत पोस्टरवर उतरलं. धुणं पिळून ठेवावं तसे त्याचे पंख होते. "अधू निघाली वाटते," कुणी म्हणालं, आणि वर्षाराणीबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो मागे सरला.

आणि ते पंख वाढू लागले. कुणी हात लावत नव्हतं, कुणी काही घालत नव्हतं, आणि ते आपले आपण उलगडत होते, सुरकुती सुरकुती करून. रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला, ड्रायव्हर उतरून आला. पंख उलगडले, ताणले गेले, हलले. मखमली काळे, आणि मधून पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. ते त्या माणसाएवढ्या छापील अळीच्या पाठीवर, बरोबर लाल फुलीच्या मधोमध बसलं होतं. दुकानापुढं गच्च गर्दी होती. पंजाबरावसुद्धा गप्प होते, आणि रिसोडकरांना त्याचंही आश्चर्य वाटायला हवं होतं, पण तिकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

फुलपाखरानं एक तांबूस थेंब खाली टाकला. तो साहेबांच्या फायलीवर पडला. साहेबांनी तो पुसला नाही.

मग ते उडालं. सगळ्यांच्या डोक्यावरून, ट्रॅक्टरवरून, पलीकडच्या टिनाच्या छपरावरून, वर. भाऊंच्या हातात निकिताला फोटो पाठवायला म्हणून मोबाइल होता. त्यातला कॅमेरा त्यांनी चालू केलाच नव्हता. संध्याकाळी तिचा फोन आला, "बाबा, कोणतं निघालं?" भाऊ म्हणाले, "काळं होतं... पांढरे ठिपके..." आणि मग "आपल्याच दुकानातून गेलं ते पोरी," एवढंच ते म्हणाले.

पण ते संध्याकाळचं. त्या सकाळी ते उडून गेल्यावर लोक बराच वेळ टिनाकडंच पाहत राहिले. मग एकेक जण आपली पिशवी मागे लपवू लागला, कारण प्रत्येकाच्या पिशवीत एकेक अळी होती. शेवटी पुंजाजीनं घसा साफ केला.

"भाऊ, हे गोडलिंबावरचीच होती नं? माह्या मळ्यात असते तेच?"

"तेच."

पुंजाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे इतके दिवस..." तो म्हणाला. पण मळ्यावर त्याचं घर चालतं. त्यानं पिशवी काउंटरवर ठेवली आणि भाऊंनी मान न वळवता बाटली काढून दिली. फक्त देताना ते म्हणाले, "पुंजाजी, तुह्या मळ्यात एखादं असं झाड आहे का, ज्याची पानं बाजारात नेत नाही?"

"आहे एक. मोटरीजवळचं वाकडं."

"त्याले मारू नको. तिले कुठं तरी अंडी घाला लागतीन नं."

पुंजाजी बाटली घेऊन निघून गेला. पोस्टर साहेबांसमोर उतरवलं गेलं. दुकान पहिल्यासारखं चालू झालं.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी पुंजाजी पुन्हा आला. हातात तीच प्लास्टिकची पिशवी, तोंडाला गाठ मारलेली. त्यानं ती काउंटरवर ठेवली, अगदी हळू, अंडं ठेवावं तशी. भाऊंनी चष्मा नाकावर आणला आणि पिशवी उजेडाकडे धरली. आत गोडलिंबाची फांदी होती, तिच्या देठाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि पानावर चिमणीच्या विष्ठेसारखा एक बारीक जीव. पिशवीला सुईनं चारी बाजूंनी भोकं पाडलेली होती.

भाऊंचा हात सवयीनं मागच्या फळीकडं गेला.

"नाही भाऊ," पुंजाजी म्हणाला. "मोटरीजवळच्या वाकड्याची पानं संपत आली. हिले खायाले काय देऊ, ते सांगा."